माझ्यापाशीच थांबा

मित्रांनो, मी एक जुनी भाड्याची गाडी आहे. एका फार मोठ्या देशात, एका लहानशा गावाच्या अगदी टोकाला एक गॅरेज आहे. त्याच्या फाटकाशी मी उभी असते. माझ्यापुढून एक रस्ता सुरू होतो. त्यानंतर बराच वेळ दुसरे काहीच सुरू होत नाही.

मी आता चालत नाही. माझा मागचा एक्सल, म्हणजे चाकांमधला दांडा, तुटलेला आहे. तो बदलणे काही अवघड नव्हते. माझ्या मालकीणबाईंच्या गॅरेजात तसला एक्सल पडून आहे, मला इथून दिसतोही. पण त्यांनी तो बदलला नाही. का बदलला नाही, ते ऐका. गोष्ट आनंदाची नाही. पण तुम्ही कधीतरी परदेशी जाल, एखाद्या अफाट देशात जाल, तेव्हा ती तुमच्या उपयोगी पडेल.

माझा जन्म समुद्राकाठच्या एका कारखान्यात झाला. पत्र्याला पत्रा जोडताना उडणाऱ्या ठिणग्या ही माझी पहिली आठवण. मला उंच चाके दिली, धक्के सोसायला जाड पाटे दिले, पाठीवर स्टेपनी बसवली आणि एका सरकारी खात्याकडे पाठवून दिले. जमिनीची मोजणी करणारी माणसे होती ती. बोलायची कमी आणि पाणी न्यायची जास्त. त्यांच्याबरोबर फिरताना मी हा देश शिकले. नकाशावर निळी रेघ असते तिथे वर्षातले अकरा महिने वाळू असते, हे मला तेव्हा कळले. दिवस मावळला की मोठी जनावरे डांबराच्या उबेला येऊन बसतात आणि त्यांना चुकवायला गेलेली गाडी उलटते, हेही कळले. माझ्यासारख्याच दोन उलटलेल्या गाड्या मी वाटेत पाहिल्या. त्यांच्या काचांमधून गवत वर आले होते. ती माणसे त्यांच्याजवळून जाताना गप्प व्हायची.

पुढे मी जुनी झाले. खात्याने लिलाव केला आणि मालकीणबाईंनी मला घेतले. थोराड बांध्याच्या, नखांत कायम काळे ग्रीस असलेल्या बाई. गॅरेज त्यांच्या वडिलांचे. सुरुवातीला त्या मला आठवड्याला धुवायच्या. मुले माझ्या बॉनेटवर चढून फोटो काढायची. "काय दणकट गाडी आहे," असे लोक म्हणायचे आणि मला बरे वाटायचे. मग नव्या गाड्या आल्या, त्या पुढे लागल्या, मी मागे गेले. माझ्या धुळीवर कोणीतरी बोटाने तोंड काढून ठेवले होते, ते तसेच महिनाभर राहिले.

तरी हंगामात मला मागणी असायची. लांबलांबच्या देशांतून लोक यायचे. त्यांच्या देशात दर दोन-चार मैलांवर गाव, हाकेच्या अंतरावर माणूस. ते नकाशा पसरायचे, बोट ठेवायचे आणि म्हणायचे, "बोटभर तर आहे." ते बोटभर अंतर कापायला मला पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत पळावे लागे.

मालकीणबाई प्रत्येकाला किल्ली द्यायच्या आधी समोर उभे करायच्या आणि तेच ते सांगायच्या.

"पाणी माणशी दिवसाला पाच लिटर. तहान असो नसो, गाडीत असलं पाहिजे. पंप दिसला की टाकी भरा, अर्धी भरलेली असली तरी भरा, पुढचा बंद असू शकतो. अंधार पडायच्या आत थांबा. गाव सुटलं की तुमचा फोन मुका होणार, हे धरून चाला. कोणत्या रस्त्यानं जाणार ते मला सांगा. रस्ता बदलायचा असेल तर आधी फोन, मग रस्ता. आणि गाडी बंद पडली तर गाडी सोडायची नाही. काही झालं तरी गाडी सोडायची नाही."

लोक नंदीबैलासारख्या माना डोलवायचे. त्यांचे डोळे माझ्या टपावरच्या सामानाकडे असायचे.

असेच एका उन्हाळ्यात एक सासरे आणि सून आली. सत्तरी ओलांडलेले, काटक, पांढऱ्या मिशा नीट कापलेले गृहस्थ. सून त्यांना बाबा म्हणायची. ते तिला सूनबाई म्हणायचे. मीही त्यांना तसेच म्हणते. बाबांनी आयुष्यभर त्यांच्या देशात प्रवाशांची बस चालवली होती. सूनबाई एका चष्म्याच्या दुकानात नोकरीला होती. तिचा नवरा, म्हणजे बाबांचा मुलगा, या देशाच्या पोटात खोलवर एका खाणीवर क्रेन चालवत होता. दोन वर्षे तो घरी गेला नव्हता. आई गेली तेव्हाही त्याला पोचता आले नव्हते. आता त्याला थोडी सुट्टी मिळाली होती, पण घरी जाऊन यायला पुरेल एवढी नव्हती. म्हणून बापच निघाला होता, मुलाकडे.

बाबांनी आल्या आल्या काय केले असेल? माझे बॉनेट उघडले. तेलाची पट्टी ओढली, पुसली, पुन्हा बुडवून उजेडात धरली.

"तेल काळंकुट्ट झालंय हिचं," ते म्हणाले. "कोणी बघतं की नाही हिच्याकडं?"

सूनबाईने ते मालकीणबाईंना त्यांच्या भाषेत सांगितले, जरा मवाळ करून. मालकीणबाई हसल्या आणि तेल बदलून दिले. बाबांनी चारही टायर अंगठ्याने दाबून पाहिले, पाट्यांखाली वाकून पाहिले, उठताना माझ्या दारावर थाप मारली. "म्हातारी आहे, पण हाडाची खणखणीत आहे," ते म्हणाले. मित्रांनो, कितीतरी वर्षांत माझ्याशी असे कोणी बोलले नव्हते.

गाडी मात्र सूनबाईनेच चालवायची होती. सत्तरीच्या पुढच्या माणसाच्या हाती मालकीणबाई किल्ली देत नसत. त्यात या देशात स्टिअरिंग डाव्या बाजूला. बाबा उजवीकडे बसले, म्हणजे त्यांच्या बसमध्ये ते जन्मभर जिथे बसले नेमके तिथे, आणि समोर चाक नव्हते. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. समोरून ट्रक आला की त्यांचा उजवा पाय माझी फरशी दाबायचा. तिथे ब्रेक नव्हता.

"बाबा, फरशी फुटेल," सूनबाई म्हणायची.

"मी कुठं काय करतोय? पाय अवघडलाय."

निघताना मालकीणबाईंनी आपले नेहमीचे सांगणे सांगितले. सूनबाईने बाबांना त्याचा सारांश सांगितला. "पाणी ठेवा, टाकी भरा, रात्री चालवू नका, आणि गाडी बंद पडली तर गाडी सोडून जायचं नाही म्हणतात."

"गाडी तिची आहे ना," बाबा म्हणाले. "म्हणणारच ती."

वीस-वीस लिटरचे दोन कॅन डिकीत ठेवले. मुलासाठी आणलेली एक पत्र्याची पेटी मधे बसवली. संध्याकाळी पोचून फोन करायचा असे ठरले आणि आम्ही निघालो.

दुपारपर्यंत सगळे ठीक होते. रस्ता सरळ होता, इतका सरळ की सूनबाईला झोप येऊ नये म्हणून बाबा तिला जुन्या प्रवाशांच्या गमती सांगत होते. एका बाईने बसमध्ये बकरीचे तिकीट काढायला नकार दिला होता, कारण बकरी उभी होती, बसली नव्हती. सूनबाई खूप हसली. मग पंप आला.

पंपाच्या भिंतीवर एक घड्याळ होते. सूनबाईने ते पाहिले, आपल्या मनगटाकडे पाहिले आणि पंपवाल्याला विचारले. हा देश एवढा मोठा आहे की त्याची घड्याळेही एक नाहीत. पूर्वेला जाल तसा वेळ पुढे सरकतो. तिने हिशेब धरला होता त्यापेक्षा इथे एक तास जास्त झाला होता. म्हणजे पोचेपर्यंत अंधार पडणार. थांबावे तर रात्र इथेच जाणार आणि मुलाची निम्मी सुट्टी वाटेतच संपणार. पुढच्या पाळीला तो खाणीत उतरला की पुन्हा भेट कधी, कोण जाणे.

तिने फोनवर नकाशा मोठा केला. मोठ्या रस्त्याला एक लांब वळण होते. त्या वळणाला छेद देणारी एक बारीक रेघ होती.

"बाबा, इथून गेलो तर उजेडात पोचू."

बाबांनी चष्मा वर करून पाहिले. "रस्ता आहे ना? मग कुठंतरी जाणारच तो. रस्ता माणसाला वाऱ्यावर सोडत नाही."

त्यांच्या देशात ते खरे होते. चाळीस वर्षे ते खरे ठरले होते.

पंपावर फोन चालत होता. सूनबाईने मालकीणबाईंचा नंबर काढलासुद्धा. मग रांगेतल्या मागच्या गाडीने हॉर्न दिला, ती गडबडली आणि म्हणाली, "जाऊ दे, पोचल्यावर सांगू."

मला ते आवडले नाही. पण गाड्यांना सगळ्या भाषा कळतात, बोलता मात्र एकही येत नाही.

फाट्यावर एक पाटी होती. ती खांबासकट आडवी पडली होती आणि तिचे तोंड मातीत होते. तिच्यावर काय लिहिले होते ते मला आजतागायत माहीत नाही.

पहिला तासभर वाट बरी होती. मग डांबर संपले, मग खडी संपली, मग चाकोऱ्या तेवढ्या उरल्या. डाव्या हाताला लांब एक लोखंडी फाटक आणि त्यामागे एक पवनचक्की दिसली. नकाशावर तिथे गावासारखे नाव होते. बाबांनी मान वळवून ती मागे जाईपर्यंत पाहिली. त्यांना माणसांची वस्ती पाहून धीर आला असावा. मला त्या चक्कीची पाती फिरताना दिसली नाहीत, आणि वारा तर होता.

पुढे नदी आली. निळ्या रेघेची, वाळूची नदी. सूनबाई थांबली असती, पण पलीकडच्या काठावर चाकोऱ्या दिसत होत्या. तिने मला खाली घातले. मधोमध माझी मागची चाके बसली. तिने जोर दिला, मी आणखी बसले. "सोड, सोड, पाय काढ," बाबा म्हणाले, पण तेवढ्यात वाळूखालचा दगड लागला आणि माझ्या पोटात कडाड झाले.

 बाबा खाली उतरले, वाकून पाहिले आणि हात झटकले.

"एक्सल गेला."

सूनबाईने फोन काढला, टपावर चढून उंच धरला, चारी दिशांना फिरवला. फोन मुका होता. वाऱ्याचा आवाज होता आणि माझा तापलेला पत्रा टकटक वाजत होता. बाकी काही नव्हते.

मित्रांनो, आता नीट ऐका. पाणी पुरेसे होते. खायला थोडे होते, पण पाणी पुरेसे होते. सूनबाईने माझ्या कडेची वाळू उपसून सावलीत खळगा केला. वरची वाळू हात भाजेल अशी, खालची गार. दोघे तिथे बसली. ती रात्र गेली, दुसरा दिवस उजाडला. त्या दिवशी ऊन असे होते की माझ्या दाराच्या मुठीला हात लावता येईना. बसायचे, घोट घोट पाणी प्यायचे आणि वाट पाहायची, एवढेच काम होते. आणि बाबांना तेवढेच जमत नव्हते.

"ती चक्की फार लांब नव्हती," दुपारी ते म्हणाले. "आत्ता तर मागं टाकली आपण."

"बाबा, आपण गाडीत होतो. जवळ वाटतं तसं."

"मला अंतर शिकवतेस होय? सूनबाई, बस बंद पडली की कंडक्टरनं प्रवाशांपाशी थांबायचं आणि ड्रायव्हरनं मदत आणायची. ही रीतच आहे. मी कितीदा गेलोय. पावसात गेलोय, अंगात ताप असताना गेलोय."

"ड्रायव्हर मी आहे," सूनबाई म्हणाली.

बाबा थोडे हसले. "हो, तेही खरंच."

जरा वेळाने ते पुन्हा बोलले. "आपण कुठल्या रस्त्यानं आलो हे कुणाला ठाऊक तरी आहे का? ते शोधतील मोठ्या रस्त्यावर."

सूनबाईने मान खाली घातली. "चूक माझी आहे. मी फोन करायला हवा होता."

"तसं नाही म्हणत मी, पोरी."

"मालकीणबाई म्हणाल्या होत्या, गाडी सोडायची नाही."

"ती तिच्या गाडीची काळजी करते. कुणी काच फोडेल, चाकं काढून नेईल. धंदा आहे तिचा. आपण माणसं आहोत, राखणदार नाही."

 मालकीणबाईंनी गाडी सोडू नका एवढेच सांगितले होते. का, ते सांगितले नव्हते. सासऱ्याला उलटून बोलायची तिची सवय नव्हती, तरी ती म्हणाली, "बाबा, मला शब्द द्या. तुम्ही जाणार नाही."

"बरं. नाही जात."

मग त्यांनी विषय बदलला. स्टेपनीचा टायर डिझेलच्या बोळ्याने पेटवला तर काळा धूर आभाळाला भिडतो, असे ते म्हणाले. एकदा धुक्यात त्यांनी तसे केले होते. विमानाचा आवाज आला तर पेटवू, तोवर राखून ठेवू. सूनबाईने स्टेपनी खाली काढून ठेवली.

तिसऱ्या दिवशी पहाटे, फटफटायच्या सुमारास, बाबा उठले. सूनबाई दमून माझ्या मागच्या सीटवर झोपली होती. त्यांनी भरलेल्या कॅनकडे पाहिले आणि फक्त एक बाटली भरून घेतली. एकच. बाकी सगळे तिच्यासाठी ठेवले. डोक्याला पंचा गुंडाळला. दार लागताना आवाज होऊ नये म्हणून ते दोन्ही हातांनी लोटून लावले. मग माझ्या बॉनेटवर हात ठेवून ते उभे राहिले. तो हात मला अजून आठवतो. त्याला चाकाचे घट्टे होते.

"सांभाळ गं हिला," ते मला म्हणाले. "येतोच मी."

माझा हॉर्न माझ्या हाती असता तर मी सारा माळ जागा केला असता. ते काठ चढून गेले. उजेड येत होता, तरी काठापलीकडे त्यांची आकृती लगेच दिसेनाशी झाली.

सूनबाई उठली तेव्हा ऊन खिडकीत आले होते. तिने हाक मारली. गाडीभोवती फिरली. मग तिला काठावर चढणारी पावले दिसली आणि ती धावत सुटली. काठावरून ती मला दिसेनाशी झाली. त्या वेळेइतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नाही. आता हीही गेली, असे मला वाटले.

पुढे काय झाले ते तिने नंतर मालकीणबाईंना सांगितले तेव्हा मला कळले. ती पावलांमागे धावली. कडक जमीन लागली आणि पावले दिसेनाशी झाली. तिने मागे वळून पाहिले. मी तिला दिसले नाही. झाडे नव्हती, टेकडी नव्हती, तरी मी नव्हते. एवढी मोठी गाडी जमिनीच्या एका घडीत नाहीशी झाली होती. बाबांना हाका मारत पुढे जावे की परत फिरावे, हे तिने तिथे उभे राहून ठरवले. ती म्हणाली, पाय पुढेच जात होते, त्यांना ओढून मागे आणावे लागले.

ती परत आली तेव्हा तिचे ओठ फुटले होते. पाणी प्यायली आणि माझा हॉर्न दाबला. थांबली, पुन्हा दाबला. बाबांना ऐकू जावे म्हणून. माझी बॅटरी उतरत गेली, आवाज घोगरा झाला आणि मग बंद पडला. मग तिने स्टेपनी वाळूतून ढकलत काठावर नेली, डिझेलमध्ये भिजवलेली ओढणी आत कोंबली आणि पेटवली. विमानाची वाट तिने पाहिली नाही. तो धूर तिने विमानासाठी केलाच नव्हता. बाबांना परत यायची वाट दिसावी म्हणून केला होता.

तिकडे मालकीणबाईंनी पहिल्या रात्री फोनची वाट पाहिली होती. पोचल्यावर लोक फोन करायला विसरतात, असे त्यांना वाटले. सकाळी त्यांनी खाणीवर फोन लावला, तेव्हा मुलगाच फोनवर आला आणि त्यानेच उलट विचारले, "कुठंपर्यंत आलेत?" मग पोलिसांचे विमान निघाले. एक सबंध दिवस ते मोठ्या रस्त्यावर घिरट्या घालत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी परत फिरताना वैमानिकाला भलत्याच बाजूला काळ्या धुराचा एक दोरा दिसला.

बाबा गेले त्याच दिवशीची ती दुपार, मित्रांनो.

मालकीणबाई आदल्या दिवसापासून ट्रक घेऊन मोठ्या रस्त्यावर शोधतच होत्या. त्या स्वतः आल्या, बरोबर एक पोलीस. सूनबाई त्यांच्या गळ्यात पडली नाही. तिने फक्त काठाकडे हात केला आणि म्हणाली, "ते तिकडं गेलेत. आधी त्यांना बघा."

अंधार होईपर्यंत त्यांनी शोधले. खाणीकडच्या टोकाने शोधत असलेला मुलगा रात्रभर प्रवास करून पहाटे आला. उजाडल्यावर पोलिसाला पावले सापडली आणि थोड्या वेळाने बाबा सापडले. एका खुरट्या झुडपाजवळ, पंचा चेहऱ्यावर ओढून, कुशीवर. झोपल्यासारखे. बाटली रिकामी होती, पण तिचे झाकण नीट लावलेले होते.

ते चक्कीपर्यंत पोचले नव्हते. पोचून काही झालेही नसते. त्या फाटकाला कित्येक वर्षांपूर्वीचे कुलूप होते आणि चक्कीखालच्या पाण्याच्या टाकीला भोक पडलेले होते.

पोलिसाने पावलांवरून सांगितले की ते निम्म्याहून जास्त गेले, एका जागी बराच वेळ बसले, आणि मग मागे वळले. शेवटची पावले माझ्या दिशेने होती.

"धूर दिसला असणार त्यांना," पोलीस म्हणाला.

मुलगा येऊन माझ्याजवळ वाळूत बसला. सूनबाई त्याच्या शेजारी बसली. 

"वाट मी बदलली," ती म्हणाली. "आणि मी झोपले."

"तू काय त्यांना बांधून ठेवणार होतीस?" मुलगा म्हणाला.  "माझ्यासाठी निघाले ते. मी म्हटलं होतं, मीच येतो पुढच्या वर्षी. ऐकतायत कुठं."

बाबांचा देह मायदेशी नेण्याचे कागद होईपर्यंत दोघे गावात राहिली. निघण्याच्या दिवशी सूनबाई गॅरेजात आली. मला तोवर ओढून आणले होते. मालकीणबाई माझ्याखाली आडव्या होत्या, नवा एक्सल शेजारी काढून ठेवला होता.

"एक सांगायचं होतं," सूनबाई म्हणाली. "रागानं नाही सांगत. तुम्ही गाडी सोडू नका म्हणालात, ते बाबांना वाटलं तुम्ही गाडीसाठी म्हणताय. गाडी चोरीला जाईल म्हणून."

मालकीणबाईंच्या हातातला पाना थांबला. त्या माझ्याखालून बाहेर आल्या आणि जमिनीवर तशाच बसल्या.

"इतकी वर्षं हेच वाक्य म्हणतेय मी," त्या म्हणाल्या. "माझ्या मनातच आलं नाही, कुणी त्याचा असा अर्थ लावेल."

सूनबाई गेली. मालकीणबाई बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी एक्सल उचलून परत फळीवर ठेवला आणि मला ट्रकला बांधून फाटकापाशी आणून उभे केले.

आता कोणीही किल्ली घ्यायला आले की त्या त्याला आधी माझ्यापाशी आणतात. "ही गाडी गेली खड्ड्यात," त्या म्हणतात. "तुमचीही जाऊ दे खड्ड्यात, मला तिचं काही नाही. गाडी मोठी असते, ती वरून दिसते. चालणारा माणूस दिसत नाही. आम्ही आधी गाडी शोधतो. तुम्ही तिच्याजवळ असलात तर तुम्हीही सापडता." लोक पहिल्या वाक्याला हसतात. मालकीणबाईंच्या तोंडाकडे पाहिले की हसू मावळते.

सगळ्यांचे मावळत नाही. कालच एक जोडपे गेले. पिशव्या मावेनात म्हणून त्यांनी पाण्याचा एक कॅन उतरवून ठेवला. तो माझ्या पुढच्या चाकाशी अजून आहे. रात्री फोन करतो म्हणाले होते. आज सकाळपासून मालकीणबाई फोनजवळ बसून आहेत. त्यांचा चहा तसाच थंड झाला आहे आणि त्या दर थोड्या वेळाने उठून रस्त्याकडे पाहून येतात. रस्ता रिकामा आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या गाड्या शेवटी सांगतात की आमची निगा राखा, आम्हाला पुसा, तेल घाला. माझे तसे काही मागणे नाही. माझी ज्यांनी सर्वांत जास्त निगा राखली, तेच मला सोडून गेले. तुम्ही परक्या मुलखात असाल आणि तुमची गाडी बंद पडेल, तेव्हा तिला शिव्या द्या. लाथा मारा, काच फोडा, सीटची गादी फाडून जाळा, टायर जाळा. तिला काही वाटणार नाही. पण तिच्या सावलीत बसा. आणि तुमच्यातले कोणी पहाटे हळूच उठले, तर जागे व्हा आणि त्याचा हात धरून त्याला खाली बसवा.